अंगठीत न बसणारे दगड

मोताळ्याच्या बाजारात माझ्या दुकानावर एक पाटी असायची. दुकान कसलं, गोणपाटावर पांढरी चादर, तिच्यावर पाण्याने भरलेल्या दोन स्टीलच्या पराती आणि परातींत दगड. पाटी मी स्वतः पत्र्यावर निळ्या रंगाने लिहिली होती : ‘हे दगड आहेत. दिसायला सुंदर आहेत. यांनी काही होत नाही.’

बायको म्हणायची, माल विकायच्या आधीच गिऱ्हाईक हाकलणारा दुकानदार तिने पहिल्यांदाच पाहिला. तिचं चुकत नव्हतं. लोक परातीजवळ थांबायचे, ओले दगड पाहून खाली वाकायचे, एखादा उचलून उन्हात धरायचे. आतल्या रेघा उजळल्या की चेहरा खुलायचा. आणि मग तो ठरलेला प्रश्न यायचा.

“हा कोन्त्या राशीले चालते?”

“कोन्त्याच नाही.”

“मंग याच्यानं होते काय?”

मी पाटीकडे बोट दाखवायचो. माणूस पाटी वाचायचा, दगड हळूच परातीत सोडायचा, ओला हात पँटला पुसायचा आणि शेजारच्या भेंडीचा भाव विचारायला लागायचा.

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरात हा हट्ट तीन पिढ्यांचा आहे. आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरात नवस, गंडा, अंगारा यातलं काही शिरलं नाही. माझी मोठी बहीण तर माझ्याहून कडक. आईला एकदा ताप हटेना म्हणून चुलतीने कुठून तरी एक भगत आणला होता. बहीण तेव्हा चौदा वर्षांची. तिने त्याची लिंबं उचलून बकरीपुढे टाकली आणि आईला खांद्याला धरून दवाखान्यात नेलं. तिला मी बाई म्हणतो. लग्न होऊन ती वरवट बकालला गेली, अंगणवाडीत मदतनीस झाली, नवरा गेल्यावर एकटीने दोन पोरं वाढवली. गावातल्या विहारात रविवारची वंदना तीच घ्यायची. ज्या माणसाला मी आयुष्यभर थोडा घाबरलो, ते माणूस म्हणजे बाई.

मी एका जिनिंगमध्ये फिटर होतो. कापूस आला की काम, कापूस संपला की अर्धं वर्ष हात रिकामे. त्या रिकाम्या महिन्यांत मी लोकांच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत फिरायचो. एकदा एका मोठ्या शेतकऱ्याच्या नव्या विहिरीवर गेलो होतो. सुरुंग लावून काढलेल्या मुरूम-दगडांचा ढीग काठावर पडला होता. भाकर खाऊन बसलो असताना त्या ढिगात एक फुटलेला गोटा दिसला. वरून बटाट्यासारखा मळकट, आणि आत मात्र पांढऱ्या, करड्या, मधासारख्या पिवळ्या रेघा, एकीच्या आत एक, मधोमध काचेसारखी बारीक कणी. मी तो थुंकी लावून पुसला. रेघा आणखी उठल्या. मालकाला विचारलं, नेऊ का. तो म्हणाला, “सगळा ढीग ने न बे, धुऱ्यावर टाकाची मजुरी वाचन माही.”

अकीक हे नाव मला तेव्हा माहीतही नव्हतं. तो गोटा मी अकरा दिवस पॉलिश पेपरवर हाताने घासला. बोटांची सालं निघाली. अकराव्या दिवशी खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब त्यात दिसलं तेव्हा मी बायकोला हाका मारून बोलावलं. ती हात पुसत आली, दगड पाहिला, आणि तिने तो गालाला लावला. त्या क्षणी मी ठरवलं की हेच करायचं.

मग दगड घासायला डबा बनवला. रंगाचा रिकामा गोल ड्रम, आतून ट्रकच्या ट्यूबचं अस्तर, जिनिंगच्या भंगारातले दोन रूळ, जुन्या कूलरची मोटर आणि वेग कमी करायला पुल्ली-पट्टा. ड्रममध्ये दगड, पाणी आणि कुरुंदाची पूड टाकायची आणि तो आडवा फिरवत ठेवायचा. जाड पूड आठ दिवस, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी पॉलिशची पांढरी पूड. महिनाभर घरामागे घरघर चालायची. पहिल्या घाण्यात मी एक गाढवपणा केला. झाकणाचा एक बोल्ट आतल्या बाजूला अर्धा इंच निघालेला राहिला. महिन्याने डबा उघडला तर दगड चमकत होते, पण जवळजवळ प्रत्येकावर कुठे तरी तांदळाएवढी पांढरी खोक पडलेली. दुसरा गाढवपणा म्हणजे डब्यातली राखाडी लापशी मी गटारात ओतली. ती सिमेंटसारखी बसली आणि अख्ख्या गल्लीचं पाणी तुंबलं. दोन दिवस मी छिन्नी घेऊन गटारात बसलो होतो आणि येणारा-जाणारा थांबून मला सल्ले देत होता.

पण दगड जमायला लागले. कुठे विहीर खोदायला घेतली की मला फोन यायचा. नांगरटीनंतर मी वावरं पालथी घालायचो. ज्या दगडांना शेतकरी शिव्या घालून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकतात, त्यांत मला काय काय सापडलं. शेवाळ अडकल्यासारखा हिरवा. आत काळं झाड उगवल्यासारखा दिसणारा. आणि सगळ्यांत दुर्मिळ म्हणजे डोळ्याचा, ज्यात एकात एक गोल रेघा असतात आणि मधोमध गडद ठिपका. असे डोळ्याचे मला सगळे मिळून पाच-सहाच मिळाले असतील.

विकायचं ठरवलं तेव्हा पाटीही ठरवली. दगड दगड म्हणूनच विकायचा. शनीचा म्हणायचं नाही, नजरेचा म्हणायचं नाही. लोक सुंदर फूल विकत घेतात, त्याने काय होतं असं विचारत नाहीत. मग दगडाला काऊन विचारावं? पहिल्या वर्षी फार तर वीस दगड खपले. एक शिक्षक कागदांवर ठेवायला घेऊन गेले. मेहकरचे एक प्राध्यापक एसटीने यायचे आणि शेवाळी तेवढा निवडून न्यायचे. एका नव्या नवरीने घासाघीस करून एक घेतला आणि पिशवीत न टाकता मुठीतच धरून नेला, ते मला अजून आठवतं. बाकी दिवसभर मी, पराती आणि माशा.

माझ्यापासून चार दुकानं सोडून छत्रीखाली एक अंगठ्या-खडेवाला बसायचा. मोटारसायकलवर पेटी बांधून जिल्ह्यातले सगळे बाजार करणारा माणूस. बोलायला गोड. एका संध्याकाळी बाजार उठताना तो माझ्या चादरीपाशी उकिडवा बसला, लहान दगड बोटांनी वेगळे केले आणि म्हणाला, “भाऊ, हे लहान-लहान मले देऊन टाका. किलोवर घेतो. पयल्या घाण्यातले खोकवाले बी चालतीन.”

मी विचारलं, काय करणार. म्हणाला, तारेत बांधून गळ्यातले बनवीन. मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर दगड देता आले नसते. मी स्वतःला सांगितलं, मी तर कुणाला काही खोटं सांगितलेलं नाही. पाटी तर तिथेच आहे. त्याला भरून दिलेल्या पिशवीत एक छोटा डोळ्याचाही गेला, कारण त्यावर बोल्टची खोक होती आणि मला ती पाहवत नव्हती. ही माझी खरी चूक. बाकीच्या चुका गटारातून छिन्नीने काढता आल्या.

दोन वर्षं तो माझे लहान दगड नेत राहिला.

गेल्या वर्षी कापसाचा हंगाम संपल्यावर मी बाईकडे गेलो. नांदुऱ्याला गाडी बदलून वरवट बकालला पोचेपर्यंत दुपार झाली. ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. जयभीम झाला, पाणी झालं. ती वाकली तेव्हा गळ्यातून काळ्या दोऱ्यात काहीतरी लोंबलं.

“हे काय घातलं, बाई?”

“अकीक हाय. बीपीचा.”

मला वाटलं ती माझी थट्टा करते आहे. मी हसलोही. पण ती हसली नाही.

“देव-बिव नाही हा,” ती म्हणाली. “तसं असतं तं मी हात लावला असता का? सायन्स हाय. याच्यातून किरणं निघतात, ते रक्तात उतरतात. तो बाजारात येते न खडेवाला, त्यानं सगळं समजावून सांगतलं. हे पाह्य, पाय.”

तिने पाय पुढे केले. बीपीच्या गोळ्यांनी तिचे पाय सुजायचे, घोट्यापाशी चप्पलचा पट्टा रुतायचा. ती सूज उतरली होती.

“आन् गोळ्या?”

“बंद केल्या. एका दुखन्याले दोन-दोन इलाज कायले?”

मी तिला सांगितलं, सूज गोळ्यांची होती, गोळ्या सोडल्या म्हणून उतरली, दगडाचा त्यात काही हात नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं, जसं अंगणवाडीतल्या पोरांचं ऐकायची. मग मी तो दगड तिच्या गळ्याजवळ हातात घेतला. जर्मन सिल्व्हरच्या तारेत गुंडाळलेला, एकात एक तीन रेघांचा डोळा, आणि बाजूला तांदळाएवढी पांढरी खोक.

 मी म्हणालो, “बाई, हा दगड मी घासला. माह्या ड्रममधला हाय. या खोकीवरून ओळखतो मी. याच्यानं काही होत नाही.”

तिने दगड उलटा करून पाहिला. खोकीवरून अंगठा फिरवला.

“तुह्या हातचा हाय हा?”

“हाव.”

तिने तो परत पदराआड घातला. “मंग तं मी काढतच नाही,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, “मंग सांगा न त्याईले, दगडाचे किरणं लागाले पोटात गोळी लागते म्हना. गोळी नसली तं किरणं वाया जातात. तुमचं ऐकतीन त्या. दगड तुमीच बनवला न?”

मी तिच्यावर ओरडलो. इतका की तिने तव्यावरची भाकर उलटायची थांबवली. मी म्हणालो, म्हणजे मीही तेच करू? त्याने एक थाप मारली म्हणून मी त्यावर दुसरी रचू? मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? आणि बाईशी खोटं, ज्या बाईने भगताची लिंबं बकरीला घातली तिच्याशी?

बायको एवढंच म्हणाली, “फरक राहीन न राहीन. बाई राहतीन.”

मी जेवलो नाही. मला तिचा राग आला होता, कारण ती चुकीचं बोलत नव्हती आणि मला ते मान्य करायचं नव्हतं.

पुढच्या बाजारी मी थेट छत्रीखाली गेलो. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो, तरी चढला. खडेवाला घाबरला नाही. उलट त्याने मला बसायला स्टूल दिलं.

“मी काही सांगत नाही भाऊ,” तो म्हणाला. “लोकच इचारतात, मी हो म्हनतो. तुमच्या लोकाईले राशी सांगतली तं ते उठून जातात. त्याईले किरणं सांगा लागते.”

आमच्यासाठी त्याने वेगळी थाप ठेवली होती. राशीला न फसणाऱ्या माणसाला फसवायला विज्ञान. देव टाकून दिल्याचा आम्हाला केवढा अभिमान, आणि त्या अभिमानालाच त्याने दोरा बांधला होता. मी त्याच्या पेटीतले माझे सगळे दगड मागितले. त्याने कुरकुर न करता पिशवी पुढे केली. तारेतले आणि सुटे मिळून चाळीसेक निघाले. गळ्यांत गेलेले किती ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी अंगठीत किंवा गळ्यात बसेल असा दगड घासत नाही. ड्रम बंद केला. आता मुठीएवढा नाही तर त्याहून मोठा गोटा घेतो, फरशी कापायच्या कटरने पाणी सोडत सोडत त्याचे दोन भाग करतो, आणि कापलेली बाजू जाड काचेवर पूड टाकून हाताने घासतो. एकेका दगडाला तीन आठवडे जातात. खांदा दुखतो. वर्षाला पंधरा होतात. पण दोऱ्यात बांधून कुणाच्या छातीवर तो ठेवता येत नाही, ठेवला तर मानच मोडेल. टेबलावर ठेवा आणि पाहा, एवढंच त्याचं काम. बायकोने नवा पहिला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाली, “चोर आला तं मारता येईन.” आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

बाईचं मात्र तसंच होतं. मी दर आठ दिवसांनी वरवट बकालला जायला लागलो. जिद्दच धरली म्हणा. एकदा न कापलेला गोटा, कापलेला गोटा आणि पुडीची डबी असं सगळं घेऊन गेलो आणि ओट्यावर काच ठेवून तिच्यासमोर घासून दाखवलं. पाहा, हे असं बनतं, यात किरण कुठून येणार? तिने स्वतः हात लावून घासलं. आवडलं तिला. म्हणाली, “म्हनजे किरणं आतच राह्यतात, घासलं की वाट भेटते त्याईले.” मी कपाळाला हात लावला.

एकदा मोबाईलवर डॉक्टरांची भाषणं ऐकवली. एकदा तिच्या मोठ्या पोराला सुरतहून फोनवर बोलायला लावलं. एकदा शेवटी चिडून म्हणालो, “बाई, माह्या दुकानावर पाटी होती. यानं काही होत नाही, असं मी लिहून ठेवलं होतं, सगळ्या बाजारासमोर.”

तेव्हा ती तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “पाटी तुह्या दुकानाले होती. दगडाले नव्हती.”

 मी चप्पल घातली. ती फाटकापर्यंत आली, नेहमीप्रमाणे शेंगदाण्यांची पुडी माझ्या पिशवीत कोंबली. त्या वेळी बायकोचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गोळी घे, म्हणजे किरण लागतील. चार-पाच शब्द. बाई समोर उभी होती, दगड तिच्या गळ्यात होता, आणि तिने ते लगेच मानलं असतं हे मला पक्कं माहीत होतं. मी ते गिळलं. मला वाटलं, मी तिला खऱ्याने जिंकेन. तीन पिढ्यांचं खरं आहे आमच्याकडे, एका खडेवाल्याच्या थापेपुढे ते कमी पडेल कसं? आणखी चार फेऱ्या मारू. दहा मारू. तिकिटाचे पैसे काय कमी पडतात. एसटीत बसल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला होता. ते आठवलं की आज मला माझीच लाज वाटते.

पुढच्या फेरीच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी फोन आला. विहारात झाडू मारताना बाई पडली होती. वंदनेला जमलेल्या बायकांनी तिला उचलून गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथून अकोल्याला पाठवलं. मी आणि बायको पोचलो तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि डावा हात चादरीवर पडून होता. तिने मला ओळखलं. काही तरी म्हणाली, पण मला कळलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, “बीपीच्या गोळ्या चालू होत्या?”

मी म्हणालो, “नाही.”

“का बंद केल्या?”

मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. दगड मी बनवला, मी विकला, गोळ्या सुरू करायचा एक उपाय मला माहीत होता आणि तो मी वापरला नाही, हे सगळं त्या घाईच्या वॉर्डात कसं सांगणार. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

अकोल्यात बाई अठरा दिवस होती. बोलणं हळूहळू परत आलं, शब्द जड झाले तरी कळायला लागले. भिंत धरून-धरून चालता आलं. डावा हात मात्र आला नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, हिने पाय सुजणार नाहीत म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन बजावलं की आता एक दिवसही चुकवू देऊ नका.

तिला आम्ही मोताळ्याला आमच्याच घरी आणलं. घरात कॉट नव्हती, म्हणून माझं काम करायचं लाकडी बाक पुसून त्यावर गादी टाकली. बाजूच्या फळीवर मोठे दगड ओळीने ठेवलेले होते. ती आडवी पडून त्यांच्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “तो कुठी हाय?”

मला कळलं. अकोल्यात भरती करताना नर्सने दोरा काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिला होता. तो माझ्या शर्टाच्या खिशात अठरा दिवस होता. मी तो फेकूही शकलो नव्हतो आणि तिला दाखवूही शकलो नव्हतो. म्हणालो, “बाई, आता कायले पाहिजे तो?”

“दे इकडं.”

मी दिला. ती उजव्या हाताने दोरा गळ्याभोवती न्यायची, पण दुसरं टोक धरायला हात नव्हता. दोन-तीनदा टोक तिच्या खांद्यावरून घसरलं. मग तिने दोरा माझ्यापुढे धरला. “तूच बांध.”

औषधांच्या पाकिटातून काढलेली गोळी बायकोने वाटीत ठेवली होती. बाईने ती पाहिली आणि तोंड फिरवलं. “गोळीनं पाय सुजतात,” ती म्हणाली. “गोळीनंच झालं हे सगळं. अकोल्यात तेवढी दिली, आता नको.”

बायको दारात उभी होती. वाट पाहत होती.

मी बाईच्या मागे गेलो. तिचे पांढरे केस बाजूला केले, दोऱ्याची दोन टोकं धरली आणि माझ्याच ड्रममधला तो दगड तिच्या गळ्यात बांधला. गाठ पक्की केली, पुन्हा एक मारली. मग तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, “बाई, याचे किरणं अशे लागत नाहीत. पोटात गोळी असली तरच लागतात. गोळी नसली तं वाया जातात.”

माझा आवाज नीट निघाला. मला वाटलं होतं अडखळेल, पण नाही अडखळला.

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिचा उजवा डोळा नेहमीसारखा होता आणि डावा थोडा खाली आलेला. मग तिने जड जिभेने, एकेक शब्द नीट जुळवत विचारलं, “मंग हे मले आधी काऊन नाही सांगितलं?”

बायकोने वाटी पुढे केली. मी पाण्याचा ग्लास तिच्या उजव्या हातात दिला. त्या दिवसापासून बाईने एकही गोळी चुकवलेली नाही.